मेंदूला सूज असताना रक्तातील लिम्फोसाइट का घटतात?

निफाडकर:

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला मेंदूज्वर झाल्यामुळे नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात दाखल केले आहे. त्याचे वय ३४. आधी ताप, मग असंबद्ध बोलणे आणि त्यानंतर फिट, असा क्रम होता. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागात सूज दिसली, पाठीतून काढलेल्या पाण्याच्या पीसीआर तपासणीत हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू सापडला आणि शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू आहे. आता तो माणसे ओळखतो, घरचे जेवण मागतो, फक्त शब्द आठवायला त्याला वेळ लागतो. उपचारांविषयी माझी तक्रार नाही आणि इथे विचारून ते बदलण्याचाही विचार नाही. मला रक्ताच्या अहवालातील एक गोष्ट समजून घ्यायची आहे, कारण राउंडच्या वेळी डॉक्टरांना इतके सविस्तर विचारणे जमत नाही.

दाखल केले त्या दिवशीच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) एकूण पांढऱ्या पेशी १२,८०० होत्या. त्यांत न्यूट्रोफिल ८८ टक्के आणि लिम्फोसाइट अवघ्या ७ टक्के. हा नमुना घेईपर्यंत स्टिरॉइड दिलेले नव्हते, याची केसपेपरवरून खात्री करून घेतली आहे. त्याच दिवशीच्या पाठीतल्या पाण्यात मात्र एका मायक्रोलिटरमागे १२० पेशी होत्या आणि त्यांतील ९० टक्के लिम्फोसाइट. म्हणजे रक्तात ज्या पेशी जवळजवळ दिसेनाशा झाल्या, त्याच मेंदूभोवतीच्या पाण्यात गर्दी करून होत्या. ताज्या अहवालात एकूण पेशी ६,४०० आणि लिम्फोसाइट २१ टक्के आहेत.

यावरून रक्तातील लिम्फोसाइट मेंदूकडे धावल्या असे समजावे, की विषाणूने त्या मारल्या, की भावाची प्रतिकारशक्ती मुळातच कमी होती? आजार डोक्यात असताना रक्तातील पेशींचे गणित का बदलावे, हा माझा मूळ प्रश्न आहे. नातेवाइकांपैकी प्रत्येक जण ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ काही ना काही सुचवत असून काढ्याची बाटली तर उशाशी येऊन पोहोचली आहे. त्याबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

जांभळी नळी:

निफाडकर, नमस्कार. मी गंगापूर रोड भागात पॅथॉलॉजी लॅब चालवते. आपण पाण्याचा आणि रक्ताचा अहवाल शेजारी ठेवून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर आकड्यांतूनच देता येईल.

प्रथम टक्केवारी बाजूला ठेवावी. १२,८०० च्या ७ टक्के म्हणजे दर मायक्रोलिटरला सुमारे ९०० लिम्फोसाइट. प्रौढांमध्ये सर्वसाधारणपणे १,००० च्या वर असाव्यात, म्हणजे कमतरता खरी आहे. पण ‘७ टक्के’ वाचून वाटते तितकी ती भयंकर नाही. त्या दिवशी न्यूट्रोफिल ११,००० च्या वर होते. ते समजा नेहमीसारखे ४,००० असते, तर याच ९०० लिम्फोसाइट अहवालात १६ टक्क्यांच्या आसपास छापल्या गेल्या असत्या आणि आपल्या पोटात इतका गोळा आला नसता. ताज्या अहवालातील २१ टक्के म्हणजे सुमारे १,३५०. दोन अहवालांची तुलना नेहमी अशा निरपेक्ष संख्येवरून करावी. बहुतेक लॅब ती खाली वेगळी छापतात, पण लोकांची नजर टक्क्यांवरच थांबते.

आता ‘सगळ्या लिम्फोसाइट मेंदूकडे धावल्या’ हा तर्क तपासू. प्रौढ माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवती एकूण पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते. एका मायक्रोलिटरमागे १२० पेशी धरल्या, तर त्या साऱ्या पाण्यात १ कोटी ८० लाख पेशी होतात. रक्त सुमारे ५ लिटर. निरोगी अवस्थेत आपल्या भावाच्या रक्तात मायक्रोलिटरमागे २,००० लिम्फोसाइट होत्या असे धरले, तर एकूण १,००० कोटी; त्या दिवशी होत्या सुमारे ४५० कोटी. म्हणजे रक्तातून ५५० कोटी पेशी कमी झाल्या आणि पाण्यात सापडल्या त्या दोन कोटीसुद्धा नाहीत. मेंदूच्या ऊतीत, रक्तवाहिन्यांच्या कडेने आणखी पेशी जमलेल्या असतात हे खरे, तरीही हा हिशेब जुळत नाही. मेंदूत गेलेल्या पेशी रोगाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाच्या असतात, मात्र रक्तातील घट त्यांच्यामुळे झालेली नसते.

मग उरलेल्या गेल्या कुठे? शरीरातील एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात फिरणाऱ्या केवळ दोन टक्क्यांच्या आसपास असतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा इथे मुक्कामाला असतात. आपण निफाडचे आहात म्हणून सांगते: लासलगावच्या रस्त्यावर एखाद्या दिवशी ट्रॅक्टर कमी दिसले, म्हणून तालुक्यातला कांदा संपला असे कोणी म्हणत नाही; तो चाळीत असतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत आम्हाला जे दिसते ते रस्त्यावरचे ट्रॅक्टर.

न्यूट्रोफिलचे उलट घडते. त्यांतील निम्म्याच्या आसपास पेशी एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून, विशेषतः फुप्फुसांतील बारीक वाहिन्यांत, रेंगाळत असतात आणि मोजणीत येत नाहीत. शरीरावर मोठा ताण आला की अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल यांच्या प्रभावाने त्या सुटतात, शिवाय अस्थिमज्जाही आपला साठा सोडते. फिट येऊन गेल्यावर काही तास तर एकूण पेशी चांगल्याच वाढलेल्या दिसतात. अशा वेळी मी मशीनच्या आकड्यावर न थांबता स्लाइड पाहते. न्यूट्रोफिल बहुतेक परिपक्व, तीन-चार खंडांच्या केंद्रकाचे असतील, तर ताणाचा भाग मोठा असण्याची शक्यता वाटते. बँड, म्हणजे अर्धवट वाढलेले न्यूट्रोफिल, आणि पेशीद्रव्यात जाड, गडद कण दिसू लागले, तर कुठे जिवाणूसंसर्ग आहे का ते शोधायला मी डॉक्टरांना फोन करते. आपल्या अहवालाच्या तळाशी स्लाइडविषयी एखादी ओळ असेल, ती जरूर वाचावी.

शरीरक्रिया:

वरच्या प्रतिसादातील कोटींचा हिशेब मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. मी नाशिकमध्येच वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे आपल्या बंधूंच्या प्रकृतीविषयी न बोलता, पेशींना ‘चाळीत जा’ हा निरोप कोण आणि कसा देतो एवढेच लिहितो.

मेंदूत विषाणू शिरला की तिथल्या मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांसारखी संदेशद्रव्ये सोडतात. त्यांचा जवळचा परिणाम असा की मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर चिकटरेणू उगवतात, वाहत्या रक्तातील टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) तिथे अडकतात आणि एरवी घट्ट मिटलेल्या त्या अस्तरातून पलीकडे शिरतात. पाण्यात सापडलेल्या लिम्फोसाइट या वाटेने आलेल्या आहेत. लांबचा परिणाम हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागामार्फत घडतो. तिथून सीआरएच हे संप्रेरक, त्यामुळे पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरे संप्रेरक आणि त्यामुळे मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल अशी साखळी चालू होते. कॉर्टिसॉल चढले की लिम्फोसाइट रक्त सोडून मोठ्या प्रमाणात अस्थिमज्जेकडे वळतात. ते फार चढले तर थायमसमधील (छातीतील, टी पेशी जिथे परिपक्व होतात त्या ग्रंथीतील) अपरिपक्व टी पेशी मरतातही. भावाला बाहेरून स्टिरॉइड दिलेले नव्हते हे आपण आवर्जून लिहिले, पण आजारी मेंदू ते शरीराकडूनच तयार करवून घेत असतो.

दुसरा मार्ग थेट मज्जातंतूंचा. सिंपथेटिक तंतू प्लीहेत आणि अस्थिमज्जेत पोहोचलेले असतात, तिथे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतात, आणि लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावर त्याचे ग्राहक, म्हणजे तो संदेश टिपणारे रेणू, असतात. बर्लिनमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात मूलभूत मानला जातो. उंदरांच्या मेंदूतील एक रक्तवाहिनी काही काळ बंद करून त्यांनी पक्षाघात घडवला. त्यानंतर रक्त, प्लीहा आणि थायमस या तिन्ही ठिकाणी लिम्फोसाइट घटल्या आणि बाहेरून कोणताही जंतू न टोचता उंदरांना न्यूमोनिया झाला. प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे आपल्याकडे रक्तदाबासाठी आणि थरथरीसाठी दिली जाणारी गोळी, देऊन सिंपथेटिक संदेश अडवला तेव्हा हे संसर्ग टळले. इजा मेंदूला झाली आणि संकट आले फुप्फुसावर.

मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या पेशींना हलवतात, हे त्याहून अलीकडचे ज्ञान आहे. न्यूयॉर्कच्या एका गटाने २०२२ मध्ये दाखवले की तीव्र ताणात उंदराच्या मेंदूतील हालचाल नियंत्रित करणारी केंद्रे स्नायूंमधून रासायनिक संदेश सोडवून अस्थिमज्जेतील न्यूट्रोफिल रक्तात आणतात, तर हायपोथॅलॅमसमधील एक विशिष्ट केंद्र लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांना रक्तातून अस्थिमज्जेत पाठवते. न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली, ही आपल्या अहवालातील जोडी त्या प्रयोगाशी चांगलीच जुळते.

आता मला सर्वांत उद्बोधक वाटणारे काम सांगतो. ते मेंदूच्या कर्करोगावरून सुरू झाले, पण त्याचा निष्कर्ष कर्करोगापुरता राहिला नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांत उपचार सुरू होण्याआधीच टी पेशी कमी असतात, हे डॉक्टरांना फार दिवसांपासून खटकत होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये त्या हरवलेल्या पेशी अस्थिमज्जेत शोधून काढल्या. लिम्फोसाइटला ऊतीतून रक्तात परतण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर एस१पी१ नावाचा ग्राहक लागतो. या पेशींवरून तो नाहीसा झाला होता, त्यामुळे त्यांना बाहेरची वाटच सापडत नव्हती. त्वचेच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी उंदराच्या मेंदूत ठेवल्या तरी हेच घडले, आणि मेंदूबाहेर ठेवल्या तेव्हा घडले नाही. म्हणजे परिणाम गाठीच्या जातीपेक्षा तिच्या जागेवर अवलंबून होता.

त्यानंतर २०२० मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दोन उंदरांचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडला. त्यांपैकी फक्त एकाच्या मेंदूत गाठ होती, तरीही निरोगी जोडीदाराचा थायमस आकसला आणि त्याच्याही रक्तातील टी पेशी घटल्या. रक्तातून वाहत जाणारे काहीतरी हे घडवत होते. ते स्टिरॉइड नव्हते, आकाराने मोठा रेणू होता, आणि अशा उंदराचा रक्तद्रव टी पेशींची वाढ रोखत होता. अस्थिमज्जेत पेशी अडकणे मात्र या रक्तातील घटकामुळे होत नव्हते, म्हणजे तिथे निरोप वेगळ्या मार्गाने पोहोचत असावा. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचा भाग पुढे आहे: कर्करोगाशी संबंध नसलेल्या, मेंदूला झालेल्या इतर तीव्र इजांमध्येही थायमस आकसला आणि रक्तद्रव तसाच झाला, आणि मेंदूतील बिघाड दूर झाल्यावर हे दोन्ही बदल उलटले. आपल्या बंधूंच्या लिम्फोसाइट ९०० वरून १,३५० वर आल्या, ती वाटचाल याच दिशेची आहे, एवढे म्हणण्याचे धाडस करतो. उंदीर आणि माणूस यांतील अंतर मात्र विसरू नये.

एक अवांतर. आमच्या पिढीला ‘मेंदू हा प्रतिकारयंत्रणेपासून अलिप्त अवयव आहे’ असे शिकवले गेले. पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत परकी त्वचा ठेवून केलेले प्रयोग त्यामागे होते. मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या आहेत हे २०१५ मध्ये उंदरांत स्पष्टपणे दाखवले गेले आणि २०१८ मध्ये कवटीच्या अस्थिमज्जेतून मेंदूच्या आवरणाकडे जाणाऱ्या सूक्ष्म नलिका सापडल्या. त्या अलिप्ततेचे आता फारच थोडे उरले आहे, पण बऱ्याच जणांच्या बोलण्यात ती अजून आहे.

रेल्वेकॉलनी:

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस (आपल्याच पेशी मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात तो आजार) आहे आणि ती फिंगोलिमोड हे औषध घेते, म्हणून वरील एस१पी१ चा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. हे औषध नेमक्या त्याच ग्राहकावर काम करते. पेशींवरचा तो ग्राहक निकामी झाला की लिम्फोसाइट लसिकाग्रंथींत अडकून राहतात, रक्तात येत नाहीत आणि त्यामुळे मेंदूपर्यंत पोहोचून तिथल्या मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करू शकत नाहीत. तिच्या लिम्फोसाइट ५०० च्या आसपास असतात. पहिल्यांदा तो अहवाल हातात आला तेव्हा नाशिक रोडच्या लॅबमधल्या मुलाने चेहरा इतका गंभीर केला, की आम्ही रिक्षाने घरी न जाता तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले की औषध काम करत आहे याचीच ही खूण आहे. रक्तातील लिम्फोसाइट पूर्वीच्या पाव ते तृतीयांश इतक्याच उरणे अपेक्षित असते.

त्याच आजारावरील नॅटालिझुमॅब नावाच्या इंजेक्शनने याच्या उलट होते. ते लिम्फोसाइटची रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्याची क्षमता अडवते, पेशी मेंदूत शिरू शकत नाहीत आणि रक्तातच फिरत राहतात, त्यामुळे मोजणी वाढते. दोन्ही औषधांचा हेतू एक, मेंदूतील सूज रोखणे. एकात आकडा खाली जातो, दुसऱ्यात वर. तेव्हापासून केवळ रक्तातील आकडा पाहून प्रतिकारशक्ती चांगली की वाईट हे ठरवण्यावरचा माझा विश्वास उडाला आहे.

अर्थात आकडा कमी असल्याचा काहीच धोका नसतो असेही नाही. औषध सुरू करण्यापूर्वी पत्नीची कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडे तपासली होती, आणि लिम्फोसाइट २०० च्या खाली गेल्या तर औषध थांबवावे लागेल असे आम्हाला सांगून ठेवले आहे.

निफाडकर:

ताई, सर आणि रेल्वेकॉलनी, आपल्या तिघांचे मनापासून आभार. ट्रॅक्टरचे उदाहरण आईलासुद्धा लगेच पटले. आता आणखी दोन शंका. पेशी केवळ जागा बदलून बसल्या आहेत असे मानले, तरी रक्तात त्या कमी असताना दुसरा संसर्ग होण्याची भीती असतेच ना? आणि न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून येणाऱ्या गुणोत्तरावरून रुग्ण किती सुधारेल ते कळते, असे मी वाचले. भावाचे ते पहिल्या दिवशी १२ च्या वर येते. हा आकडा पाहून झोप लागत नाही.

सिस्टर सिडको:

संसर्गाविषयी मी लिहिते, कारण अतिदक्षता विभागात काम करताना हाच भाग आमच्या हातात असतो. होय, मेंदूला मोठी इजा झालेल्या रुग्णांत पहिल्या काही दिवसांत न्यूमोनिया आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग जास्त होतो. त्याचे कारण एकट्या पेशींत शोधू नये. रुग्ण अर्धवट शुद्धीत असतो, गिळताना ठसका लागतो, लाळ श्वासनलिकेत उतरते, लघवीची नळी घातलेली असते. त्यात वरच्या सरांनी लिहिलेली पेशींची माघार मिसळते. मग आधीच प्रतिजैविके का देऊ नयेत, असे नातेवाईक नेहमी विचारतात. पक्षाघाताच्या रुग्णांवर तसे करून पाहिले गेले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने रुग्णांच्या अंतिम स्थितीत सुधारणा झाली नाही. त्यापेक्षा खाटेची डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, गिळणे तपासल्याशिवाय तोंडाने काही न देणे, तोंडाची स्वच्छता, नळी शक्य तितक्या लवकर काढणे आणि भेटायला येणाऱ्यांनी हात धुणे, या साध्या गोष्टींवर भर द्यावा. खोकला असलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवताना वाईटपणा येतो, तो घ्यावा.

काढ्याबद्दल स्पष्ट बोलते. बाटली उशापासून उचलून ठेवा. एक तर ठसका लागणाऱ्या रुग्णाला पातळ काढा पाजणे म्हणजे तो फुप्फुसात जाण्याची जोखीम घेणे. दुसरे, असायक्लोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि त्याचे स्फटिक तिथे साचू शकतात, म्हणून आम्ही सलाइन आणि क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो. त्यात घटक माहीत नसलेल्या गोष्टीची भर नको. गुळवेल निरुपद्रवी आहे असा सर्वांचा समज असतो, पण तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. शिवाय वाढवायचे नेमके काय? मेंदूज्वरात काही नुकसान विषाणू करतो आणि काही आपल्याच पेशींनी केलेली सूज करते. तिथे प्रतिकाराला सरसकट जोर देणे हा उपचार असता, तर काही प्रकारच्या मेंदूज्वरांत डॉक्टरांनी स्टिरॉइड किंवा बी पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब दिलेच नसते.

शरीरक्रिया:

गुणोत्तराविषयी. समूहाचा अभ्यास करणाऱ्यांना ते उपयोगी पडते, कारण शेकडो रुग्ण एकत्र पाहिले की जास्त गुणोत्तर असलेल्यांचा आजार सरासरीने अधिक गंभीर आढळतो. एका माणसाच्या उशाशी बसून ते वाचणे वेगळे. ते फिट आली म्हणून वाढते, ताप आला म्हणून वाढते, स्टिरॉइडच्या एका मात्रेने वाढते, न्यूमोनियानेही वाढते. यांतील कोणते कारण आहे हे आकडा सांगत नाही. उलट काही स्वयंप्रतिकारी मेंदूज्वरांत रुग्ण अत्यंत आजारी असतो आणि सीबीसी अगदी सरळ येते. आपल्या भावाचे ताजे गुणोत्तर काढलेत तर ते पहिल्यापेक्षा बरेच खाली आलेले दिसेल, पण त्यानेही मी तुम्हाला आश्वस्त करू इच्छित नाही. तो माणसे ओळखतो आणि जेवण मागतो, ही माहिती गुणोत्तरापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

रक्त ज्याचा इशारा देणार नाही, अशी एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवा. हर्पिसचा मेंदूज्वर बरा होत असताना काही रुग्णांच्या शरीरात मेंदूतील पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि दुसरा, स्वयंप्रतिकारी मेंदूज्वर सुरू होतो. स्पेनमधील संशोधकांनी अशा रुग्णांचा नियमित पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत स्वयंप्रतिकारी मेंदूज्वर उद्भवला. ते निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा धोका प्रामुख्याने पहिल्या दोन-तीन महिन्यांत असतो. घरी गेल्यावर भावाची वागणूक पुन्हा बदलली, झोप उडाली, संशय किंवा भास सुरू झाले, नव्याने फिट आली किंवा सुधारलेले बोलणे परत अडखळू लागले, तर सीबीसी चांगली आहे म्हणून वाट पाहू नये, थेट न्यूरॉलॉजिस्टना गाठावे. त्याचे निदान प्रतिपिंडांच्या वेगळ्या तपासणीने होते आणि त्यावर उपचार आहेत.

जांभळी नळी:

सरांच्या म्हणण्याला माझी पुष्टी आहे. घरी सोडल्यानंतर डॉक्टर मध्ये मध्ये सीबीसी सांगतील, तेव्हा उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी लिहून थांबते. फिटसाठी कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू असेल, तर पांढऱ्या पेशी औषधामुळेही कमी होऊ शकतात, आणि व्हॅल्प्रोएटने प्लेटलेट उतरू शकतात. म्हणून लॅबच्या फॉर्मवर चालू औषधांची नावे लिहावीत. दुसरे म्हणजे नमुन्याची वेळ. कॉर्टिसॉल निरोगी माणसातही सकाळी सर्वाधिक आणि रात्री सर्वांत कमी असते, त्यामुळे लिम्फोसाइट सकाळी कमी आणि रात्री जास्त भरतात. एक नमुना सकाळी सातला आणि पुढचा संध्याकाळी कामावरून आल्यावर दिलात, तर काहीही न घडता आकड्यांत फरक पडेल. शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळी, साधारण त्याच वेळी नमुना द्यावा आणि अहवालाच्या फाइलमध्ये तारखेशेजारी वेळही टिपून ठेवावी.